भाड्याची गाडी, सरकारी खोली, क्रूगरचं रान

धाकट्याला सहा वर्षं पूर्ण झाली आणि आम्ही दक्षिण आफ्रिकेची तिकिटं काढली. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात वाटाड्याबरोबर उघड्या गाडीतून पहाटे किंवा रात्री फिरायचं, तर मूल किमान ६ वर्षांचं असावं लागतं. पायी रानात जायचं तर वय १२ ते ६५ हवं. म्हणजे पायी फिरणं आमची दोन्ही मुलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांच्यासाठी बाद. पण गाडीत सगळे बसणार. एका पगारदार घराला झेपेल एवढ्या खर्चात तीन पिढ्या न्यायच्या आणि कुणालाही खोलीवर मागे ठेवायचं नाही, एवढं आमचं ठरलेलं होतं.

आफ्रिकेतली सफारी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर खासगी लॉज येतात. माणशी एका रात्रीचे लाखभर रुपये घेणारी ठिकाणं तिथे खरोखरच आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी लहान मुलांना घेतच नाहीत. पण त्याच रानात, त्याच नदीकाठी सरकारी मुक्काम आहेत आणि त्यांतली अख्ख्या कुटुंबाची खोली त्या दराच्या किरकोळ अंशात मिळते. क्रूगर पाहून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की मुलं बरोबर असतील, तर पैसे हातात असले तरी हाच मार्ग घ्यावा. स्वतः गाडी चालवायची, सरकारी खोलीत राहायचं, स्वतः शिजवायचं आणि एका जागी जास्त दिवस थांबायचं.

हे उद्यान मुळात अशाच प्रवाशांसाठी वाढलं. १८९८ साली ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारने साबी नदीकाठचा टापू राखीव केला, १९२६ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२७ पासून लोक मोटारी घेऊन येऊ लागले. गोल झोपडीत राहायचं आणि विस्तवावर रांधायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. दक्षिणोत्तर साडेतीनशे किलोमीटरहून लांब पसरलेलं हे रान आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. त्यात स्कुकुझा, लोअर साबी, सतारा, ओलिफांट्स, लेताबा असे कुंपण घातलेले मुक्काम आहेत. तंबूची जागा, साधी झोपडी, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय असलेला बंगला, मोठ्या कुटुंबाचं कॉटेज, अशा चढत्या दराने ते मिळतात. सगळ्यात स्वस्त झोपड्यांना सामायिक स्वयंपाकघर असतं, पण भांडी आपली आपण न्यावी लागतात. बंगल्यात भांडी असतात. आई बरोबर असल्याने आम्ही बंगला घेतला. रात्री उठून टॉर्च घेऊन सामायिक न्हाणीघरापर्यंत जाणं त्यांना जमलं नसतं. पैसे वाचवायचे ते कुठे, हे ज्याने त्याने घरातलं सगळ्यात अशक्त माणूस डोळ्यांपुढे ठेवून ठरवावं.

परदेशी पाहुण्याला खोलीखेरीज रोजचं संवर्धन शुल्क द्यावं लागतं आणि पाच माणसांचं रोजचं शुल्क बरंच होतं. २ ते ११ वर्षांच्या मुलांना ते निम्मं आहे. मुक्काम आठवडाभराचा किंवा जास्त असेल तर वर्षभराच्या 'वाइल्ड कार्ड'चा हिशेब करून पाहा. त्याच्या कुटुंबाच्या कार्डात दोन मोठी माणसं आणि पाच मुलं बसतात; आजीचं शुल्क वेगळं धरावं लागतं. हे आकडे दरवर्षी वाढतात, म्हणून इथे लिहीत नाही. सॅनपार्क्स या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ते पाहावेत आणि खोलीही तिथेच थेट घ्यावी. मधला दलाल लागत नाही.

आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते ही मराठी घरांसाठी मोठी सोय आहे. मे महिना तिथल्या कोरड्या हिवाळ्याची सुरुवात. तिथल्या मुलांची ईस्टरची सुट्टी संपलेली असते आणि जून-जुलैची लागलेली नसते, त्यामुळे खोल्या मिळतात. जुलैत आणि डिसेंबरात जायचं असेल तर मात्र जवळजवळ वर्षभर आधी हालचाल करायला हवी. मे महिन्यात गवत अजून थोडं उंच असतं, जुलै-ऑगस्टइतके प्राणी चटकन दिसत नाहीत हे खरं. पण सकाळी स्वेटर आणि दुपारी सुती कपडे अशी हवा, आकाश निरभ्र आणि मुलं उन्हाने कावत नाहीत. डासही कमी होत जातात. क्रूगर हा मलेरियाचा प्रदेश आहे आणि मे त्या हंगामाचं शेवटचं टोक, म्हणून निघण्यापूर्वी मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन वजनाप्रमाणे गोळ्या ठरवून घेतल्या. संध्याकाळी लांब बाह्या, पायांत मोजे आणि अंगाला डासांचं मलम, यात आम्ही कुणाचंही ऐकून घेतलं नाही.

मुंबईहून जाताना स्वस्त तिकिटं बहुतेकदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे मिळतात. इथे एक गोष्ट नीट पाहा. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे देश आहेत. तिथल्या विमानतळाच्या बाहेर पडलात, किंवा तिथला थांबा फार लांबला, तर दक्षिण आफ्रिका लशीचं पिवळं पुस्तक मागते. आणि परत येताना भारतही मागतो. ते नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, टोचल्यावर दहा दिवसांनी तिचा दाखला लागू होतो आणि मग तो जन्मभर चालतो. स्वस्त तिकिटात लशीचे पैसे आणि ती मोठ्या वयाच्या माणसाला मानवेल का हा प्रश्न धरायला हवा. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस देताना डॉक्टर जपून विचार करतात. आईंमुळे आम्ही आखाती मार्गाचं थोडं महाग तिकीट घेतलं आणि तो प्रश्नच मिटवला. मुलांचे आईबापांची नावं असलेले जन्मदाखले आणि, एकटे आई किंवा वडील नेत असतील तर, दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ असावं.

गाडी चालवायची म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. तो अनाठायी होता. दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. भाड्याची गाडी घेताना क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा आधी तपासावी, आणि विम्यात काच आणि टायर धरले आहेत का हे विचारावं. तीन वर्षांखालच्या मुलाला गाडीत वेगळी खुर्ची कायद्यानेच लागते. जोहान्सबर्गहून एन-४ महामार्गाने म्बोम्बेलापर्यंत साडेतीनशेएक किलोमीटर. रस्ता उत्तम, टोलनाके अधूनमधून. पेट्रोलचा दर तिथे सरकार ठरवतं, म्हणून स्वस्त पंप शोधत हिंडण्यात अर्थ नाही. पंपावरचा माणूस टाकी भरतो, काच पुसतो, त्याला चार-पाच रँड द्यायचे. रँड आपल्या पाचएक रुपयांच्या आसपास. चौकात चारही बाजूंना थांबण्याची पाटी असेल, तर जो आधी थांबला तो आधी निघतो, आणि लोक हे मुकाट पाळतात. दोन गोष्टींत मात्र सवलत नाही: अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी चालवायची नाही आणि उभ्या गाडीत पिशवीसुद्धा दिसेल अशी ठेवायची नाही. विमान सकाळी उतरेल असंच तिकीट घ्या, म्हणजे पहिला टप्पा उजेडात होतो.

म्बोम्बेलाच्या सुपरमार्केटात आठवड्याची बाजारहाट केली. रानातल्या मुक्कामी दुकानं आहेत, पण भाजी बेताची आणि महाग. तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, वांगी, मक्याचं पीठ, अंडी, पाव. आईंचा चेहरा खरा उजळला तो 'मास' नावाचं घट्ट आंबट दूध सापडल्यावर. त्यात पाणी, मीठ, जिरेपूड घातली की ताक झालं. घरून गोडा मसाला, मेतकूट, पोहे, तीन लिटरचा कुकर आणि चिवडा एवढंच नेलं होतं. ताजी फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. आणखी एक: तिथल्या भिंतीवरचं सॉकेट आपल्या गीझरच्या जाड तीन गोल पिनांचं असतं. विमानतळावर महागडे अडॅप्टर घेऊ नका. आपल्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला पाच-पंधरा अँपिअरचा कन्व्हर्टर चालतो.

उद्यानात वेग डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०. खरं पाहता पंचविसाच्या वर जाऊच नये. स्कुकुझा ते सतारा हे नव्वदेक किलोमीटरचं अंतर कापायला आम्हाला अर्धा दिवस लागला. रस्त्यात गाडीतून उतरता येत नाही, आणि मुलांबरोबर याचा पहिला अर्थ असा की शू कुठे करायची हे निघण्यापूर्वी ठरवायचं. त्शोकवाने, न्कुहलू अशा सहलीच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवल्या होत्या आणि दर थांब्यावर, लागली असो वा नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं हा नियम केला. या जागांवर गॅसची मोठी तवावजा शेगडी भाड्याने मिळते. सकाळी निघताना पोहे भिजवण्याइतकं सामान बरोबर घ्यायचं आणि नऊ-दहाला तिथे गरम पोहे. शेजारच्या टेबलावर बेकन आणि अंडी शिजत असायची, आमच्याकडे फोडणी तडतडायची, आणि झाडावर वानरं दोन्हीकडे सारखंच लक्ष ठेवून असायची. त्यांना काही देऊ नका, मुलांना हे कडकपणे सांगा. माणसाच्या हातचं खायला सरावलेलं बबून पुढे अंगावर येतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. बंगल्यांचे फ्रिज व्हरांड्यात असतात आणि त्यांना पिंजऱ्यासारखी जाळी आणि कडी असते, तीही यांच्यासाठीच.

वेळेतला साडेतीन तासांचा फरक इथे कामी येतो. आपले सकाळचे साडेसात म्हणजे तिथले पहाटेचे चार. पहिले काही दिवस मुलं आपोआप अंधारात जागी व्हायची. मे महिन्यात मुक्कामाची फाटकं सहाला उघडतात आणि साडेपाचला बंद होतात. उशीर झाला तर दंड. सहाच्या ठोक्याला आमची गाडी फाटकाशी उभी असायची, मागे गोधडीत गुंडाळलेली मुलं, पुढे दुर्बीण गळ्यात घातलेल्या आई.

जागा निवडताना मी पाण्याला पहिला मान देईन. लोअर साबीच्या फाटकाबाहेर लगेच सनसेट डॅम नावाचं तळं रस्त्याला अगदी चिकटून आहे. इंजिन बंद करून तिथे बसलं की पाणघोडे, मगरी, करकोचे, पाण्यावर येणारे इम्पाला यांचा दिवसभराचा व्यवहार समोर चालतो. रस्ते पालथे घालत सिंह शोधण्यापेक्षा एका पाणवठ्यावर तास-दीड तास बसणं पेट्रोलही वाचवतं आणि मुलांनाही पाहायला शिकवतं. सुरुवातीला थोरली 'काय दिसलं' याची यादी करत होती. नंतर ती 'काय करत होतं' असं लिहायला लागली: पाणकोंबडी पाणघोड्याच्या पाठीवर बसून फिरली, हत्तिणीने पिलाला सोंडेने मागे ढकललं, शेणकिड्याने गोळा चढावर नेला, तो तीनदा खाली आला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा या पाचांच्या मागे धावणाऱ्या मोठ्या माणसांना जो कंटाळा येतो, तो या मुलांना आला नाही. स्कुकुझाजवळ लेक पॅनिक नावाच्या तळ्यावर लाकडी लपण आहे. तिथे गाडीतून उतरून गुपचूप बसता येतं आणि सहा वर्षांचं मूलही अर्धा तास गप्प राहू शकतं हे मला तिथे कळलं.

प्रत्येक मुक्कामी एक फळा असतो, त्यावर रंगीत खुणांनी आज कुठे काय दिसलं ते दाखवलेलं असतं. तो रोज संध्याकाळी पाहण्याचं काम धाकट्याकडे होतं. लेताबाला हत्तींचं छोटं संग्रहालय आहे, त्यात 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणून गाजलेल्या भव्य सुळ्यांच्या हत्तींचे सुळे ठेवले आहेत. तिथे आमची दुपार गेली. सताऱ्याहून लेताबाला जाताना ओलिफांट्स नदीच्या उंच पुलावर, ठरवून दिलेल्या पट्ट्यांच्या आत, गाडीतून उतरायला परवानगी आहे. इतक्या दिवसांनी उघड्यावर पाय मोकळे करताना मुलं नुसती उड्या मारत होती. उद्यानाच्या गाडीची संध्याकाळची फेरी एकदा जरूर घ्या. आपल्याला फाटकाबाहेर राहता येत नाही त्या अंधाराच्या वेळी ती बाहेर असते आणि दिव्याच्या झोतात साळिंदर, उदमांजर, घुबडं दिसतात. मे महिन्यात त्या उघड्या गाडीत हाडं गोठतात. खोलीतली पांघरुणं उचलून न्या.

आणि मग रात्र. प्रत्येक बंगल्यापुढे विस्तवाची जागा आणि लोखंडी जाळी असते. तिथे लोक मांस भाजतात, आम्ही वांगी भाजली. आईंनी त्या निखाऱ्यांवर केलेलं भरीत, कणसं आणि ताक, असं जेवण जंगलाच्या कुंपणापासून पन्नास पावलांवर. पलीकडे जोहान्सबर्गकडचं एक कृष्णवर्णीय कुटुंब उतरलं होतं, त्यांच्यातही आजी होती. त्यांच्याकडून मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि चकलाका, म्हणजे घेवड्याच्या बियांची तिखट भाजी, आमच्याकडे आली. आमच्याकडून भरीत तिकडे गेलं. दोन्ही आज्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मिरची किती हा प्रश्न हातानेच सुटला. जेवणानंतर आईंनी मुलांना त्रिशंकू दाखवला. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाला टेकलेला असतो तो तिथे मे महिन्याच्या रात्री उंच उभा असतो, आणि अगस्त्यही अजून मावळलेला नसतो. कुंपणाबाहेर तरस ओरडत होतं.

शेजारच्या बाईने सहज सांगितलं की तिच्या आईवडिलांना तरुणपणी असं इथे येऊन उतरता येत नव्हतं. वर्णभेदाच्या काळात हे मोठे मुक्काम गोऱ्यांसाठीच होते. मुलांना प्राणी दाखवताना ही बाजू झाकू नये असं मला वाटतं. उद्यानाच्या अगदी उत्तरेला पाफुरीच्या परिसरात माकुलेके लोक राहत होते. १९६९ साली सरकारने त्यांना तिथून उठवलं आणि त्यांची जमीन उद्यानाला जोडली. १९९८ साली त्यांनी ती कायद्याने परत मिळवली, आणि तिथे परत वस्ती न करता रान राखून त्यातून पर्यटनाचं उत्पन्न घ्यायचं ठरवलं. थोरलीने यावर विचारलं, "मग ते आता स्वतःच्याच घरी पाहुणे बोलावतात का?" मी हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर जोहान्सबर्गला थोडे थांबलो. तिथलं वर्णभेद संग्रहालय लहान मुलांना झेपणारं नाही. त्याऐवजी कॉन्स्टिट्यूशन हिल या टेकडीवर गेलो. जुना किल्ला आणि तुरुंग, जिथे गांधीजी १९०८ मध्ये आणि नेल्सन मंडेला १९६२ मध्ये कैदेत होते, आणि त्याच आवारात पाडलेल्या तुरुंगाच्या विटा वापरून बांधलेलं संविधान न्यायालय. न्यायालय पाहायला मुलांना मोकळं फिरता येतं. पुण्याच्या माणसाला या शहराशी आणखी एक नातं आहे. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला, कारण सभेला कोकणातले मुसलमान आणि मराठी हिंदू असत, आणि भाषणाचं हिंदुस्तानी भाषांतर ते स्वतः करत. कोकणातून गेलेल्या त्या कुटुंबांचे वंशज केपटाउनमध्ये आजही आहेत. आई हे ऐकून तिथल्या पायरीवर बसल्या आणि गोखल्यांचं भाषण कुठे झालं असेल याची चौकशी करत राहिल्या.

केपटाउन, व्हिक्टोरिया धबधबा, नामिबियाचं वाळवंट हे सगळं त्याच फेरीत उरकण्याचा मोह आम्ही टाळला. दर उड्डाणाला पाच तिकिटं लागतात आणि दर मुक्काम हलवला की मुलांचा एक दिवस बॅगा भरण्यात जातो. खर्च तिथेच फुगतो.

सहा वर्षांखालचं मूल असेल, किंवा मलेरियाच्या गोळ्या नको असतील, तर क्रूगरऐवजी अ‍ॅडो हत्ती उद्यान निवडा. ते गेबेखा, म्हणजे जुन्या पोर्ट एलिझाबेथजवळ आहे, तिथे मलेरिया नाही. १९३१ साली ते स्थापन झालं तेव्हा त्या भागात अकरा हत्ती उरले होते, आता सहाशेहून जास्त आहेत, आणि रस्त्यावर शेणकिड्यांना आधी जाऊ द्या अशा पाट्या आहेत. तिथेही सरकारी खोल्या आणि विस्तवाच्या जागा आहेत. जोहान्सबर्गहून दूर जायचं नसेल तर अडीच-तीन तासांवरचं पिलानेसबर्ग घ्या. तिथेही मलेरिया नाही आणि स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं.